विद्यार्थ्याची नोंद : एक अमानत

(लासलगाव येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 वार्षिक समारंभाच्या प्रसंगी परीक्षांच्या निकालावर, नव्या खोल्यांच्या बांधकामावर आणि समाजातील शिक्षणप्रसारावर बोलण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु ज्या विषयाकडे आज मी आपले लक्ष वेधू इच्छितो तो व्यासपीठावर क्वचितच येतो. तो कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आणि अलीकडे तिथल्या संगणकात पडून असतो. विद्यार्थ्याची नोंद, ज्याला आपण रेकॉर्ड म्हणतो, ती कोणाची? ती कोणी पाहावी, कोणी पाहू नये आणि चुकली तर ती कोणी दुरुस्त करून द्यावी? हा तो विषय आहे.

प्रथम या नोंदीत काय काय असते ते पाहू. जनरल रजिस्टरमधला नंबर, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारीख, धर्म आणि जात, आईचे नाव, वडिलांचा धंदा, उत्पन्नाचा दाखला, आधारची झेरॉक्स, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, मोबाइल नंबर, हजेरी, प्रत्येक परीक्षेचे गुण, नापास झाला असेल तर किती वेळा, आजारपणाचे सर्टिफिकेट, प्राचार्यांनी कधी समज दिली असेल तर तिचा कागद. मुलाची फाईल उघडली की त्याचे घरच उघडते. वडील हयात आहेत की नाहीत, घरात महिन्याला किती पैसे येतात, मुलीला कोणता आजार आहे, हे सारे त्यात असते. शेजाऱ्यालाही जे आपण सांगणार नाही ते आपण प्रवेशाच्या खिडकीतून एका अपरिचित कारकुनाच्या हाती देतो, कारण त्याशिवाय प्रवेश मिळत नाही.

आपल्या मराठीत 'अनामत' हा शब्द आहे. प्रयोगशाळेची अनामत, ग्रंथालयाची अनामत. हा शब्द अरबीतल्या 'अमानत'वरूनच आला आहे. विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेली आणि मागताच परत मिळायची वस्तू असा त्याचा अर्थ. महाविद्यालय शंभर रुपयांची अनामत घेते तेव्हा पावती देते, वहीत लिहून ठेवते आणि विद्यार्थी जाताना ती परत करते. ते पैसे आपले आहेत असे कोणी प्राचार्य समजत नाही. मग त्याच खिडकीतून घेतलेल्या माहितीचे काय? ती शंभर रुपयांपेक्षा कितीतरी मोलाची असूनही तिची पावती नाही आणि तिच्या परतीचा विचारही नाही.

माझे आजचे सारे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे आहे : विद्यार्थ्याची नोंद ही अमानत असून ती धन्याला उघडी आणि इतरांना बंद असली पाहिजे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी व्यवहार बरोबर उलटा चालतो. स्वतःच्या नोंदीचा उतारा मागायला आलेला विद्यार्थी चार चकरा मारतो, "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या" असे ऐकून परत जातो. आणि त्याच वेळी त्याचे गुण, त्याचा प्रवर्ग, त्याचा मोबाइल नंबर असलेली यादी फळ्यावर लागलेली असते किंवा एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून शंभर हातांत फिरत असते.

नोंद धन्याला उघडी असावी

आपल्याच नोंदीवर विद्यार्थ्याचा हक्क आहे, ही गोष्ट आज सोपी वाटते. तिच्यामागे मात्र मोठा झगडा आहे आणि त्याची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच झाली. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला दाखवायच्या नाहीत आणि फेरतपासणीचा हक्क नाही, असा राज्य मंडळाचा १९७७ च्या विनियमांत नियम होता. गुणांची बेरीज तपासून मिळे, एवढेच. विद्यार्थी न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९८४ मध्ये तेथे मंडळाचा नियम कायम झाला. हे धोरण ठरवण्याचे काम मंडळाचे आहे आणि लाखो उत्तरपत्रिका दाखवत बसणे व्यवहार्य नाही, असे न्यायालयाला वाटले. पुढे जवळजवळ २७ वर्षे विद्यार्थ्याने लिहिलेला कागद विद्यार्थ्यालाच पाहता येत नव्हता.

मग २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. त्याच्या आधारे सी.बी.एस.ई.च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी निर्णय दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे, आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा अधिकार आहे. परीक्षकाचे नाव मात्र उघड करू नये, कारण त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हेही त्या निकालात सांगितले गेले. पाहा, एकाच कागदावर दोन माणसांचे हित कसे सांभाळले! विद्यार्थ्याला त्याचे मिळाले आणि परीक्षकाचे झाकलेले राहिले. आज राज्य मंडळ आणि विद्यापीठेही शुल्क घेऊन उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतात. ठराविक मुदतीनंतर उत्तरपत्रिका नष्ट केल्या जातात, म्हणून मागणी वेळेत करावी, एवढी खबरदारी विद्यार्थ्यांनी घ्यावी.

दुसरी गोष्ट जनरल रजिस्टरची. हे जुनाट पुस्तक आपल्या समाजाच्या दृष्टीने किती मोलाचे आहे याची जाणीव अजून पुष्कळांना नाही. मुस्लिमांतील बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा अनेक जमाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण त्या सवलतीसाठी जातीचा दाखला लागतो आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तो पुरावा बहुधा आजोबांच्या किंवा वडिलांच्या शाळेच्या रजिस्टरात असतो. त्या काळच्या गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहून ठेवले असेल, तर नातवाला किती खेटे घालावे लागतात हे इथे बसलेल्या कित्येक पालकांना ठाऊक आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या शोधात जुनी शालेय रजिस्टरेही चाळली गेली. एका रकान्यातला एक शब्द दोन पिढ्यांनंतर कुणाचे नशीब ठरवू शकतो, याचा हा पुरावाच आहे.

तेव्हा नोंद पाहण्याच्या हक्काबरोबर ती दुरुस्त करून घेण्याचा हक्कही हवा. शेखचे सय्यद झाले, आईचे नाव चुकले, जन्मतारखेत महिना बदलला, अशा चुका आपल्याकडे फार. उर्दू शाळेतून मराठी शाळेत आणि तिथून इंग्रजी अर्जावर नाव जाताना त्याची तीन रूपे होतात. "शाळा सोडली, आता काही करता येत नाही" हे ठरलेले उत्तर मिळते. परंतु उघड चूक असेल तर शाळा सोडल्यानंतरही दुरुस्तीचा अर्ज विचारात घेता येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये सांगितले आहे. अर्थात पुरावा हवा आणि शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी हवी. मनाला येईल तशी तारीख बदलून घेण्याची ही वाट नव्हे, ती चूक सुधारण्याची वाट आहे.

तिसरी गोष्ट मूळ कागदांची. विद्यार्थ्याने मध्येच कॉलेज सोडू नये म्हणून त्याचे मूळ दाखले अडकवून ठेवण्याची खोड काही संस्थांना असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट सूचना काढली की मूळ प्रमाणपत्रे फक्त समोर पडताळून लगेच परत द्यावीत आणि संस्थेने स्वतःकडे साक्षांकित प्रतीच ठेवाव्यात. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी प्रत्येक महाविद्यालयासाठी विद्यार्थी तक्रार निवारण समितीची व्यवस्था केली आहे. कागद अडकवून ठेवणे ही त्या समितीपुढे नेण्याजोगी तक्रार आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि समाधान न झाल्यास विद्यार्थ्याने लोकपालाकडे अपील करायचे. ही समिती आपल्या महाविद्यालयात कोणाकोणाची आहे, हे मुलामुलींनो, तुम्ही आजच विचारून घ्या.

नोंद इतरांना बंद असावी

आता नाण्याची दुसरी बाजू. पुष्कळ मंडळी म्हणतात, "गावात कोणाचे काय लपते? खासगीपणा वगैरे शहरातल्या लोकांचे चोचले." मला हे पटत नाही. आपण लासलगावकर आहोत. कांद्याचा लिलाव उघड्यावर होतो, शंभर माणसांदेखत बोली लागते, आणि तसेच व्हायला हवे, कारण उघड्या बोलीमुळेच शेतकऱ्याला भाव कळतो. पण त्याच शेतकऱ्याची हिशोबपट्टी त्याच्या हातात दिली जाते. त्याच्यावर सोसायटीचे कर्ज किती, मुलीच्या लग्नाला उचल किती घेतली, हे कोणी लिलावाच्या ओट्यावरून पुकारत नाही. बाजारातही काय पुकारायचे आणि काय झाकायचे याची रीत आहे. ती रीत शिक्षणसंस्थेत नसावी काय?

कायद्याने आता ही रीत मान्य केली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्या पीठात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. शरद बोबडे हे दोन मराठी न्यायमूर्ती होते, हे आपण अभिमानाने सांगावे. त्यानंतर २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी, तसेच सी.बी.एस.ई., नीट आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या परीक्षांसाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले. शिष्यवृत्तीसारख्या सरकारी लाभासाठी आधार मागितले जाते, ती बाब वेगळी.

२०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपली माहिती काय ठेवली आहे हे विचारण्याचा, चुकीची दुरुस्त करून घेण्याचा आणि गरज संपल्यावर ती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क देणारी कलमे अधिसूचनेनुसार १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून अंमलात यायची आहेत. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्यात माहिती बाळगणाऱ्या संस्थेला जो इंग्रजी शब्द वापरला आहे त्याचा अर्थ विश्वस्त, म्हणजे आपला अमानतदारच! एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. हा कायदा संगणकातल्या माहितीला लागू आहे, कपाटातल्या निव्वळ कागदी रजिस्टरांना नाही. तिथे आपली सचोटीच कामाला येईल.

नोंद उघडी पडली तर नुकसान काय होते, याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्वपरीक्षेच्या आठवडाभर आधी ९४ हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रे टेलिग्रामवरील एका चॅनेलवर आली. रात्रंदिवस अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनी आपले नाव आणि बैठक क्रमांक परक्या माणसांच्या हाती पाहिला. त्यांच्या जिवाची तेव्हा काय घालमेल झाली असेल?

दुसरे उदाहरण आपल्या समाजाच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीत झालेल्या अपहाराबद्दल केंद्र सरकारच्या तक्रारीवरून सी.बी.आय.ने ऑगस्ट २०२३ मध्ये गुन्हा नोंदवला. त्या तक्रारीनुसार तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था पूर्णतः किंवा अंशतः बनावट निघाल्या, आणि २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांत सरकारचे १४४.८३ कोटी रुपये गेले. अशी चोरी करायला काय लागते? मुलाचे नाव, आधार, बँक खाते आणि कुठेतरी घेतलेला अंगठा. ती शिष्यवृत्ती गरीब मुलांची होती. त्यांच्या नावावर पैसे निघाले आणि नाव बदनाम झाले ते साऱ्या योजनेचे. म्हणून मी म्हणतो की आधारची झेरॉक्स ही कागदाची चिठ्ठी नाही, ती घराची किल्ली आहे. अर्ज भरताना खराब झालेल्या प्रती आपण दुकानातच टाकून येतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यातच भजी बांधून मिळतात.

तिसरे उदाहरण बोलताना जड जाते. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपवले. त्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या. राखीव जागेवरून आलेली म्हणून वरिष्ठ सहकाऱ्यांनी त्यांचा छळ केला असा आरोप आहे. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. परंतु विद्यार्थ्याचा प्रवर्ग आणि प्रवेशाचे गुण ही माहिती वर्गात, वसतिगृहात हत्यारासारखी वापरली जाऊ शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पवईच्या आय.आय.टी.ने जुलै २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या की सहाध्यायाला त्याचा प्रवर्ग विचारू नये आणि ज्यावरून जात कळेल असा प्रवेशपरीक्षेचा क्रमांकही विचारू नये. इतक्या मोठ्या संस्थेला जे लिहून काढावे लागले, ते आपल्यासारख्या लहान संस्थेने आपणहून पाळावे. वर्गात उभे करून "शिष्यवृत्तीवाले कोण कोण, हात वर करा" असे विचारणे आजपासून बंद करता येईल. त्याला ना खर्च आहे ना ठराव लागतो.

आईवडिलांचे काय?

इथे पालक मंडळी अस्वस्थ झाली असतील. "आम्ही पोटाला चिमटा घेऊन फी भरतो, आणि आमच्याच मुलाची हजेरी आम्हाला विचारायची नाही?" हा प्रश्न रास्त आहे.

अमेरिकेत याबाबतचा कायदा १९७४ सालचा आहे. सिनेटर जेम्स बकली यांनी तो पुढे आणला म्हणून त्याला बकली दुरुस्ती असेही म्हणतात. त्याप्रमाणे शाळेतल्या मुलाची नोंद पाहण्याचा हक्क पालकांचा असतो. पण मूल १८ वर्षांचे झाले किंवा त्याने कॉलेजात पाऊल टाकले की तो हक्क मुलाकडे जातो. विद्यार्थ्याने मागणी केल्यापासून ४५ दिवसांत त्याला त्याची नोंद दाखवावी लागते. आपल्या नाशिक-पुण्याकडची मुले आता तिकडे शिकायला जातात. बाप इथे जमीन गहाण ठेवून पैसे पाठवतो, आणि तिकडच्या विद्यापीठाला गुण विचारले तर सहसा उत्तर येते की मुलाची लेखी संमती आणा. काही सवलती तिथेही आहेत, जसे की मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना कळवता येते.

ती पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही. आपली कुटुंबे निराळी आहेत, आणि अब्बा-अम्मींना मुलांची काळजी असते तिला कोणी परकेपणा म्हणू नये. अकरावी-बारावीची मुले अजान आहेत, त्यांच्या पालकांना सर्व कळले पाहिजे. पण पदवीच्या वर्गातली मुलगी १८ वर्षांची आहे. ती मतदान करते, बँकेत सही करते. तिच्याविषयी कोणी दूरचा नातेवाईक, कोणी होऊ घातलेले सासर, कोणी मोटारसायकलवरचा तरुण येऊन कार्यालयात विचारतो, "ती रोज येते का? किती वाजता सुटते? तिचा नंबर द्या", आणि शिपाई भोळेपणाने सांगून टाकतो. दोन तास बुडाल्याची गोष्ट घरी पोहोचेपर्यंत तिचे काहीतरी भलतेच होते. मग पुढच्या सोमवारी ती मुलगी येत नाही, आणि पुन्हा कधीच येत नाही.

मित्रहो, आपल्या संस्थेपुढे खरा धोका हा आहे. समाजातल्या मुलींनी शिकावे म्हणून आपण घरोघर फिरलो. त्या घरांनी आपल्या विश्वासावर मुली पाठवल्या. निष्काळजीपणे दिलेल्या एका माहितीने हा विश्वास मोडतो आणि शिक्षण सुटते ते मुलीचे, माहिती देणाऱ्याचे नव्हे. म्हणून मला असे सुचवायचे आहे की सज्ञान विद्यार्थ्याबद्दल पालकांनी काही विचारले तर त्यांना मानाने बसवावे, विद्यार्थ्याला बोलवावे आणि त्याच्यासमोर बोलावे. आईवडिलांखेरीज दुसऱ्या कोणालाही, तो कितीही जवळचा सांगो, विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय काही सांगू नये. यात पालकांचा अवमान नाही. उलट, आपल्या मुलीची माहिती इथून तिसऱ्याच्या कानी जात नाही, हे कळल्यावर पालकांचा भरवसा वाढेल.

काय उघडे राहिलेच पाहिजे

आता एक इशारा. खासगीपणाचे निमित्त करून संस्थांनी आपला कारभार झाकू नये. प्रवेशाची गुणवत्ता यादी उघडी असलीच पाहिजे, नाही तर मागच्या दाराने कोण आला हे कळणार नाही. सरकारी नोकरभरतीतल्या इतर उमेदवारांचे गुण माहितीच्या अधिकारात देता येतात, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयाच्या लिपिक भरतीच्या प्रकरणात दिला आहे. गुण द्यावेत, पत्ता आणि फोन नंबर झाकावा, असा हा विवेक आहे. प्रवेशाच्या यादीत अर्ज क्रमांक, नाव, गुण, प्रवर्ग नियमाप्रमाणे यावेत. मोबाइल नंबर, उत्पन्न, आधार यांचे त्या यादीत काहीही काम नाही. आणि प्रवेश संपल्यावर ती यादी वर्षभर भिंतीवर लटकत ठेवण्याचेही कारण नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले कलमही बदलले आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे पाहावे लागे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हणून नकार देता येतो. पत्रकारांनी आणि कार्यकर्त्यांनी याला विरोध केला आहे, आणि त्यांची भीती अनाठायी नाही. मोठ्या लोकहितासाठी माहिती देण्याची वाट त्या कायद्यात अद्याप आहे. आपण एवढे लक्षात ठेवावे की खासगीपणा हा विद्यार्थ्याचा आहे, कार्यालयाचा नव्हे. संस्थेचे हिशेब, देणग्या, नेमणुका उघड्या राहाव्यात. आणि विद्यार्थ्याने स्वतःची नोंद मागितली तर ती 'वैयक्तिक' म्हणून त्याला नाकारणे हा शुद्ध उलटा न्याय होईल.

आपण काय करावे

केवळ उपदेश करून थांबू नये म्हणून काही सूचना करतो. एक, फळ्यावर निकाल लावताना बैठक क्रमांक आणि निकाल एवढेच लावावे. प्रत्येक विषयाचे गुण ज्याचे त्याला द्यावेत. दोन, स्वतःच्या नोंदीचा उतारा मागणाऱ्याला सात दिवसांत तो द्यावा आणि अर्ज मिळाल्याची पोच त्याच दिवशी द्यावी. तीन, विद्यार्थ्यांच्या याद्या व्हॉट्सअॅपवर टाकू नयेत. पाठवायच्याच असतील तर नाव आणि हजेरी क्रमांक पुरेत. चार, शिष्यवृत्तीचे अर्ज संस्थेतच एका शिक्षकाच्या देखरेखीखाली भरून घ्यावेत, म्हणजे मुलांना पासबुक आणि आधार घेऊन दुकानोदुकानी जावे लागणार नाही. पाच, जुने अर्ज रद्दीवाल्याला किलोवर विकू नयेत, फाडून नष्ट करावेत. जनरल रजिस्टर मात्र जिवापाड जपावे. वाळवी आणि ओल हे त्याचे मोठे शत्रू आहेत. सहा, प्रवेशअर्जातला प्रत्येक रकाना कशासाठी आहे हे एकदा बसून तपासावे. ज्याचे उत्तर कोणालाच देता येत नाही तो रकाना काढून टाकावा. जी माहिती घेतलीच नाही ती हरवतही नाही.

विद्यार्थ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. आधारची प्रत द्यावी लागली तर शक्य तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे आधार द्यावे. कोणत्याही झेरॉक्सवर आडवी रेघ मारून "अमुक कामासाठी, अमुक तारखेस" असे लिहून सही करावी. मित्राचा निकाल त्याला न विचारता पाहू नये आणि इतरांना पाठवू नये. आणि हक्क नाकारला गेला तर भांडण न करता अर्ज लिहावा. अनुदानित महाविद्यालयात माहितीचा अधिकार लागू आहे. अर्जाला १० रुपयांचे तिकीट लागते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्या एका कागदाने दहा चकरा वाचतात.

मंडळी, या विषयासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, आणि ते कपाट कोणासाठी उघडायचे व कोणासाठी नाही, एवढे ठरवावे लागते. संस्थेच्या कार्यकारी मंडळाने पुढच्या बैठकीत या सहा सूचनांवर विचार करावा, त्यांत कमीजास्त करावे आणि जे ठरेल ते प्रवेशअर्जाच्या पाठीमागे मराठीत व उर्दूत छापावे, अशी माझी नम्र विनंती आहे. अर्ज भरणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी कळावे की त्याने इथे काय ठेवले, कोणाच्या भरवशावर ठेवले आणि ते परत कसे मागायचे.